वाचकांचे प्रश्न : झिंकची गोळी, पितळेचे पातेले आणि उपवासाचे मीठ

लोह, जस्त (झिंक), तांबे, सेलेनियम, आयोडीन या खनिजांविषयीचे प्रश्न आम्ही गेल्या अंकात मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर ‘अमुक खनिज कमी पडत असेल का’ असा आहे. ‘जास्त तर होत नसेल ना’ असे विचारणारे पत्र एकच निघाले. ही द्रव्ये शरीराला मिलिग्रॅममध्ये, काही तर मायक्रोग्रॅममध्ये लागतात आणि शोषणाच्या वेळी एकमेकांची वाटही अडवतात. त्यामुळे दुसरा प्रश्नही पहिल्याइतकाच विचारायला हवा. पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. सारखे प्रश्न असलेली पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

माझे वय ६१ वर्षे असून मी निवृत्त शिक्षक आहे. २०२० साली करोना झाला तेव्हा डॉक्टरांनी मला झिंकची ५० मिलिग्रॅमची गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. प्रतिकारशक्ती टिकावी म्हणून मी ती पुढेही चालू ठेवली. त्याबरोबर रोज एक मल्टिव्हिटॅमिनही घेतो. गेले वर्षभर तळपायांना मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.४ आणि पांढऱ्या पेशी २८०० निघाल्या. बी-१२ कमी असेल म्हणून इंजेक्शने घेतली, आता ती पातळी उत्तम आहे, पण त्रासात फरक नाही. झिंक चालू ठेवावे का? दोन्ही पाकिटांच्या मागच्या बाजूची छायाप्रत जोडली आहे. (सांगली)

झिंकची गोळी आजपासून बंद करावी, आणि हा अंक व आपले सर्व अहवाल घेऊन याच आठवड्यात फिजिशियनकडे, शक्यतो मेंदू व मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांकडे जावे. निदान पत्रावरून करता येत नाही आणि ते मी करतही नाही. परंतु आपण वर्णन केलेली लक्षणे, रक्तातील दोन्ही प्रकारच्या पेशींची घट आणि इतकी वर्षे घेतलेले झिंक, हे तिन्ही एकत्र पाहिल्यावर सर्वप्रथम शरीरातील तांबे कमी झाले आहे का, हे तपासणे आवश्यक आहे. रक्तातील तांबे, सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबे वाहून नेणारे प्रथिन) आणि जस्त अशा तीन तपासण्या डॉक्टर सांगतील.

छायाप्रत जोडली हे आपण फार बरे केले, कारण तिच्यात अनेकांना चकवणारी एक गोष्ट दिसते. आपल्या मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावर ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मि.ग्रॅ.’ असे छापले आहे. हे वजन क्षाराचे आहे, जस्ताचे नाही. मोनोहायड्रेट सल्फेटमध्ये जस्ताचा वाटा साधारण ३६ टक्के असतो, म्हणजे त्या गोळीत प्रत्यक्ष जस्त सुमारे २२.५ मिलिग्रॅम आहे. दुसऱ्या पाकिटावर मात्र ‘एलिमेंटल झिंक ५० मि.ग्रॅ.’ असे स्पष्ट लिहिले आहे, म्हणजे तिथले ५० हे जस्ताचेच वजन. दोन्ही मिळून दिवसाला साडेबाहत्तर मिलिग्रॅम होतात, जेवणातले वेगळे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १७ आणि स्त्रीला सुमारे १३ मिलिग्रॅम जस्त पुरते. अन्न व गोळ्या धरून प्रौढाची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे. आपण काही वर्षे त्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट घेत आहात.

जस्त जास्त झाल्यावर तांबे का घटते, ते समजून घेण्यासारखे आहे. लहान आतड्याच्या अस्तरातील पेशींना सतत भरपूर जस्त मिळू लागले की त्या मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करतात. या प्रथिनाला जस्तापेक्षा तांब्याची ओढ अधिक असते. अन्नातून आलेले तांबे ते पेशीतच धरून ठेवते आणि रक्तात जाऊ देत नाही. आतड्याच्या अस्तरातील पेशी काही दिवसांतच गळून पडतात. त्यांच्याबरोबर ते तांबेही शौचावाटे निघून जाते. म्हणजे ताटात तांबे पुरेसे असते, पोटात जातेही, परंतु शरीराच्या हाती लागत नाही. विल्सन्स डिसीज या आनुवंशिक आजारात यकृतात तांबे साठत जाते, आणि तिथे डॉक्टर झिंकचा हाच गुण औषध म्हणून वापरतात. एकाचे औषध तेच दुसऱ्याचे दुखणे, असा हा प्रकार आहे.

तांबे घटले की अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट तयार होत नाहीत, पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल विशेषतः कमी होतात आणि मज्जारज्जूला इजा होऊन पायांची संवेदना व तोल बिघडतो. बी-१२ च्या अभावातही जवळपास हेच होते. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास आढळते की निदान तिथेच थांबते. इंजेक्शनांनी आकडा सुधारतो, पाय मात्र सुधारत नाहीत. आपल्याबाबतीत असेच घडले असावे, अशी मला दाट शंका आहे. परदेशात असे रुग्ण एका अनपेक्षित वाटेने डॉक्टरांसमोर आले. कवळी घट्ट बसावी म्हणून लावायच्या काही पेस्टमध्ये जस्त असे. सैल कवळीला रोज ट्यूबच्या ट्यूब लावणाऱ्या वृद्धांच्या पोटात ते जात राहिले आणि त्यांची चाल बिघडली. आपण कवळी वापरत असल्यास तीही गोष्ट डॉक्टरांना सांगावी. पोटावर पूर्वी काही शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिचाही उल्लेख करावा. जठर किंवा आतड्याचा भाग काढलेल्यांना तांबे मुळातच कमी शोषले जाते.

कृपा करून तांब्याची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. किती द्यायचे, तोंडावाटे की शिरेतून, आणि कधी थांबवायचे, हे रक्ताचे आकडे पाहूनच ठरते. झिंक थांबवल्यावरही शरीरात साठलेले जस्त काही आठवडे, कधी काही महिने, आपला प्रभाव दाखवत राहते. निदान तेच ठरले, तर रक्तपेशी बहुधा काही आठवड्यांत सुधारतील. मज्जातंतूंची सुधारणा मंद असते आणि ती पूर्ण होईलच असे सांगता येत नाही, म्हणूनच मी ‘याच आठवड्यात’ असे लिहिले आहे. तोपर्यंत रात्री उठताना दिवा लावावा आणि स्नानगृहात धरायला दांडा बसवून घ्यावा.

झिंक हे औषध वाईट आहे, असा याचा अर्थ घेऊ नये. १९५८ साली इराणमधील शिराझ येथे डॉ. आनंद प्रसाद यांनी एकवीस वर्षांचा, परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाएवढा दिसणारा एक रुग्ण पाहिला. त्याचे जेवण म्हणजे बिनखमिराची गव्हाची रोटी आणि जोडीला माती. अशा रुग्णांच्या अभ्यासातूनच माणसाची वाढ जस्ताच्या अभावी खुंटते, हे जगाला कळले. आजही जुलाब झालेल्या लहान मुलाला ओआरएसबरोबर झिंक देतात : सहा महिन्यांपुढील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम, चौदा दिवस. त्या सूचनेतील ‘चौदा दिवस’ हे शब्द मात्रेइतकेच महत्त्वाचे आहेत. आपल्यालाही डॉक्टरांनी पंधरा दिवसच सांगितले होते.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. हिमोग्लोबिन १०.२ असल्याने डॉक्टरांनी लोहाची गोळी (१०० मि.ग्रॅ.) आणि कॅल्शियम दिले. दोन्ही गोळ्या ती सकाळी दुधाबरोबर घेते आणि लगेच चहा-पोळी खाऊन कॉलेजला जाते. दोन महिने झाले तरी हिमोग्लोबिन १०.४ च आहे. तिला मळमळते म्हणून ती गोळी टाळतेही. आहारात काय वाढवू? (बीड, याच आशयाची आणखी चार पत्रे)

आहारात काय वाढवायचे हे पाहण्याआधी गोळी कशी घेतली जाते ते सुधारू या, कारण आपल्या पत्रातील सकाळ लोहाच्या दृष्टीने फार अडचणीची आहे. दुधातील व गोळीतील कॅल्शियम लोहाचे शोषण कमी करते, चहातील टॅनिन ते बांधून ठेवते आणि पोळीतील फायटेटही तेच करते. तिन्ही एकाच वेळी पोटात गेल्यावर १०० मिलिग्रॅमच्या गोळीतून शरीराला फारच थोडे मिळते; न शोषलेले लोह आतड्यात राहते, आणि मळमळ किंवा बद्धकोष्ठ होण्यामागे तेही एक कारण असते.

लोहाची गोळी दुपारी कॉलेजातून आल्यावर, जेवणानंतर साधारण दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणासोबत घ्यावी. गोळीच्या आधी आणि नंतर तासभर तरी चहा-कॉफी नको. रिकाम्या पोटी फारच मळमळत असेल तर एखादे फळ खाऊन घ्यावी, पण गोळी बुडवू नये. शौचाचा रंग काळपट होतो; त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना अवश्य विचारावी. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते साधारण चोवीस तास आतड्यातील लोहाचा दरवाजा ओढून घेते. दुसऱ्या दिवशीच्या गोळीतून त्यामुळे कमी लोह शोषले जाते. एका दिवसाआड गोळी दिल्यास प्रत्येक गोळीतून शोषण चांगले होते आणि मळमळही कमी होते, असे गेल्या दहा वर्षांतील अभ्यासांतून दिसले आहे. आपल्या मुलीला दिवसाआड गोळी चालेल का, हे तिच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे. ज्यांचे हिमोग्लोबिन फारच खाली गेले आहे त्यांच्यासाठी निर्णय वेगळा असू शकतो.

एवढे पाळूनही चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ग्रॅमच्या आसपास वाढले नाही, तर गोळ्या बदलत बसू नये, निदान पुन्हा तपासावे. पाळीत रक्तस्राव अधिक होतो का, हे मुलीला मोकळेपणाने विचारावे. या वयात मुली ते आपणहून सांगत नाहीत. फेरिटिनची तपासणी करावी, म्हणजे लोहाचा साठा खरोखर रिकामा आहे का ते कळेल. रक्ताच्या अहवालात एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) बराच कमी आणि लाल पेशींची संख्या मात्र भरपूर असेल, तर थॅलेसेमियाचा वाहकदोष असण्याची शक्यता असते. अशा व्यक्तीचा साठा पुरेसा असताना वर्षानुवर्षे लोह देणे निरर्थक असते. एचपीएलसी या तपासणीत हिमोग्लोबिन ए-टू पाहून त्याचे निदान होते. सिकलसेलही त्यातच कळतो. विदर्भ आणि नंदुरबार भागातील वाचकांनी ही तपासणी लग्नाआधी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो.

आता आहार. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि त्या पाहणीतील बहुतेक घरांत रोज भाकरी किंवा पोळी शिजत असणार. आपल्या धान्यांत लोह नाही असे नाही, ते फायटेटमध्ये अडकलेले असते. भिजवल्याने, मोड आणल्याने आणि आंबवल्याने फायटेट कमी होते. म्हणून मटकी नुसती भिजवून शिजवण्यापेक्षा तिला चांगले बोटभर मोड येऊ द्यावेत, उसळीवर लिंबू पिळावे आणि ती लोखंडी कढईत करावी. कढईत आमसूल किंवा चिंच पडली की लोह अधिक उतरते. भाजीला काळपट रंग येतो म्हणून नाक मुरडू नये. शिजलेली भाजी मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी.

आपण बीडच्या असल्याने बाजरी घरात असणारच. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही पीकसंशोधन संस्था यांनी अधिक लोह असलेले ‘धनशक्ती’ हे बाजरीचे वाण महाराष्ट्रात शेतकऱ्यांपर्यंत आणले. अहमदनगर जिल्ह्यातील शाळकरी मुलामुलींना अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी आणि शेव सहा महिने खाऊ घालून अभ्यास झाला, त्यात त्यांचा लोहाचा साठा सुधारलेला दिसला. घरी शेती असेल तर बियाणे घेताना या वाणाची चौकशी करावी. पालकाबद्दल एक शब्द : पालक अवश्य खावा, परंतु रक्तक्षय त्याच्या भरवशावर सोडू नये. मुलगी मांसाहार करत असेल तर कलेजी आणि मटणातील लोह सर्वांत सहज शोषले जाते. गरोदर स्त्रियांनी मात्र कलेजी टाळावी, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते.

अमेरिकेतील मुलगा ब्राझील नट पाठवतो. थायरॉइडसाठी ते चांगले असे वाचून मी रोज सहा-सात खाते. चार महिन्यांपासून केस मुठीने गळत आहेत, नखे तुटतात. सेलेनियम कमी पडत असावे म्हणून २०० मायक्रोग्रॅमची गोळीही सुरू केली आहे. (नागपूर)

गोळी आणि ब्राझील नट दोन्ही थांबवावेत. सेलेनियम जास्त झाल्यावरही केस गळतात आणि नखे ठिसूळ होतात. श्वासाला लसणासारखा वास येत असेल तर शंका आणखी बळावते. एका ब्राझील नटमध्ये साधारण ५० ते ९० मायक्रोग्रॅम सेलेनियम असते, परंतु ज्या मातीत झाड उभे आहे तिच्यानुसार हा आकडा खूप कमी-जास्त होतो. मधला आकडा ७० धरला तरी सहा नटांचे ४२० होतात, आणि गोळीचे २०० वेगळे. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज ४० ते ५५ मायक्रोग्रॅम आहे आणि अमेरिकेत मान्य केलेली वरची मर्यादा ४०० आहे. युरोपात ती आणखी खाली आणली गेली आहे. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या मातीतच सेलेनियम फार आहे. तिथल्या जनावरांचे शेपटीचे केस झडतात आणि खूर गळतात. रक्तातील सेलेनियम आणि थायरॉइड, दोन्ही तपासून घ्यावे. नट मुलाने प्रेमाने पाठवले आहेत, ते फेकायचे नसतील तर शेजाऱ्यांत एकेक वाटावेत.

सासूबाई म्हणतात की पूर्वी बाळाचे दूध पितळेच्या पातेल्यात तापवत, तेच चांगले. माझे बाळ आठ महिन्यांचे आहे. घरात सगळे रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणीही पितात. तांबे शरीराला लागतेच ना, मग त्यात गैर काय? (सातारा)

मोठ्या माणसांच्या पाण्याचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेल्या साध्या पाण्यात थोडे तांबे उतरते, तेवढ्याने निरोगी प्रौढाला सहसा अपाय होत नाही. पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. भांडे आतून घासलेले असावे, त्यात लिंबू पिळू नये आणि त्यात ताक, सरबत किंवा कोकम कधीही ठेवू नये, कारण आंबट पदार्थात तांबे झपाट्याने उतरते आणि मळमळ, उलट्या होतात. मात्र तेवढ्या तांब्याने काही रोग बरा होतो, असेही समजू नये. तीळ, काजू, कडधान्ये खाणाऱ्याला तांबे जेवणातूनच पुरेसे मिळते.

बाळाच्या दुधाचे उत्तर मात्र स्पष्ट नकाराचे आहे, आणि त्याला पुण्याचा इतिहास आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना होणारा यकृताचा एक जीवघेणा आजार आपल्या देशात अनेक दशके घराघरांत दुःख देऊन गेला. पोट फुगायचे, यकृत हाताला दगडासारखे कडक लागायचे, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुले वाचत नसत; कधी एकाच आईची दोन-तीन लेकरे जायची. इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस असे त्याचे नाव पडले. अशा मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड प्रमाणात साठलेले असते, हे आढळल्यावर ते आले कुठून, हा प्रश्न उभा राहिला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह त्याचा माग काढला. आजारी मुलांना निरोगी मुलांच्या तुलनेत लवकर वरचे दूध सुरू झालेले होते आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेले व ठेवलेले होते. हा निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाला.

पाण्यापेक्षा दूध येथे अधिक घातक ठरते, कारण दुधातील केसीन हे प्रथिन भांड्यातील तांबे ओढून घेते आणि घट्ट धरते. दूध पांढरेच दिसते, चवीत फारसा फरक जाणवत नाही आणि बाळ रोज ते पितच राहते. तांबे शरीराबाहेर टाकण्याचे काम यकृत पित्तावाटे करते, परंतु तान्ह्या बाळाच्या यकृताची ती क्षमता अपुरी असते. ऑस्ट्रियातील टिरोल या डोंगराळ भागातही असाच आजार होता. १९०० ते १९७४ या काळातील १३८ बालकांची नोंद तिथे सापडली. गाईचे दूध आणि कल्हई नसलेली तांब्याची भांडी, असाच तोही मामला होता, आणि भांडी बदलल्यावर आजार संपला. त्याच घरातील सर्वच मुलांना तो होत नसे, म्हणून काही बालकांत आनुवंशिक दुबळेपणाही असावा, असे मानले जाते. आपल्याकडेही स्टीलची पातेली आली आणि हा आजार आता क्वचितच दिसतो. कित्येक तरुण बालरोगतज्ज्ञांनी त्याचा रुग्ण पाहिलेलाही नाही.

सासूबाईंचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नाही, हेही त्यांना सांगावे. त्यांच्या लहानपणी कल्हईवाला दारात येई; भाता मारून भांडे तापवी, नवसागराची चिमूट टाकून धूर काढी, कथिलाची कांडी फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने सगळीकडे पुसून भांडे आतून चांदीसारखे करी. त्या कथिलाच्या थरामुळे दूध पितळेला लागतच नसे. कल्हई उडाली की भांडे पुन्हा कल्हईला जाई. आज पातेले माळ्यावरून निघते ते कल्हईविना. तेव्हा ते पातेले हवे तर शोभेला ठेवावे, बाळाचे दूध आणि पेज स्टीलमध्येच करावी. शिवाय आठव्या महिन्यात आईचेच दूध मुख्य असावे. गाईचे दूध एक वर्ष होईपर्यंत पेय म्हणून देऊ नये.

आणि बाळाला आतापर्यंत त्या भांड्यातील दूध काही महिने दिले गेले असेल, तर घाबरून न जाता बालरोगतज्ज्ञांना ते सांगावे आणि यकृत तपासून घ्यावे.

उपवासाला सैंधव वापरतोच. आता ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या स्वयंपाकातही तेच सुरू केले आहे. आम्ही शाकाहारी आहोत. सून तीन महिन्यांची गरोदर आहे. तिला थायरॉइडची गोळी चालू आहे आणि आता लोहाचीही सुरू झाली आहे. समुद्राजवळ राहिल्याने आयोडीन मिळतेच, हे खरे का? (रत्नागिरी)

खरे नाही. आयोडीन समुद्रातील मासळीत असते, ती खाणाऱ्याला ते मिळते. शाकाहारी कुटुंबाला नुसत्या समुद्राच्या शेजाराने पुरेसे आयोडीन मिळत नाही. १९५६ पासून हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंडाचे प्रमाण घटते हे दाखवले. आपल्या घरातील मिठाच्या पिशवीवर हसऱ्या सूर्याचे चिन्ह आले ते त्या कामाच्या वाटेने. घरापर्यंत पोचलेल्या मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे एका ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. सैंधवात ते मुद्दाम मिसळले नसेल तर नगण्य असते. त्याचा गुलाबी रंग ज्या खनिजांमुळे येतो ती इतकी थोडी असतात की पोषणाच्या हिशेबात धरता येत नाहीत.

गरोदर स्त्रीला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, कारण पोटातील बाळाच्या मेंदूची वाढ पहिल्या महिन्यांत आईच्या थायरॉइड संप्रेरकावरच चालते. तेव्हा रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ आजच परत आणावे. सैंधव एकादशी-चतुर्थीपुरते राहू द्यावे. मीठ अधिक खाण्याची गरज नाही, मीठ कोणते ते बदलायचे आहे. बरणी झाकणाची असावी, चुलीशेजारी ठेवू नये आणि आमटीत मीठ शेवटी घालावे. आयोडीनच्या किंवा समुद्रशेवाळाच्या गोळ्या सुनेला स्वतःहून देऊ नयेत. थायरॉइडच्या रुग्णाला जास्त आयोडीनही बाधते.

थायरॉइडच्या गोळीची मात्रा गरोदरपणात बहुधा वाढवावी लागते, म्हणून टीएसएचची तपासणी या महिन्यात झाली नसेल तर करून घ्यावी. लोह आणि कॅल्शियम ती गोळी आतड्यात बांधून ठेवतात. थायरॉइडची गोळी पहाटे उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने चहा, आणि लोहाची गोळी त्यानंतर किमान चार तासांनी, असा क्रम ठेवावा. कॅल्शियम सुरू होईल तेव्हा ते रात्रीच्या जेवणाबरोबर. तिन्ही गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून तो कागद पाण्याच्या माठाजवळ चिकटवल्यास सुनेला दर वेळी आठवावे लागणार नाही.